तीन लिटरच्या गाडीत साडेपाच लिटर

माझ्या गाडीला कोणतं ऑईल घालायचं, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकाच्या एकशे बाराव्या पानावर स्वच्छ छापलेलं आहे. शेजारी थर्मामीटरचं चित्र आहे. खाली कंसात 'फक्त हेच वापरा' असंही आहे. यात मतभेदाला जागा कुठे आहे, तुम्हीच सांगा! पण कराडजवळच्या मलकापुरात मी एकूण सात जणांना ते पान दाखवलं आणि सातही जणांनी ते पान चुकीचं आहे असा निकाल दिला. त्यातल्या तिघांनी चष्मासुद्धा लावला नव्हता.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. नववीला 'श्यानता' हा धडा मीच घेतो, गेली चौदा वर्षं. म्हणजे ऑईल पातळ की घट्ट, या विषयावर आमच्या कॉलनीत अधिकृत बोलण्याचा हक्क कोणाला असेल तर तो मला. असं मला वाटत होतं. हा माझा पहिला गैरसमज.

प्रसंग होता चौदा एप्रिलचा. साल नव्व्याण्णव. माण तालुक्यात, दहिवडीकडच्या आमच्या गावी नव्या विहारासमोर जयंतीला पंचशील ध्वज चढवायचा होता, आणि तो चढवायला गावानं बोलावलं होतं माझ्या वडिलांना. केरूदादा. वय चौऱ्याहत्तर. दादांनी वडूज-दहिवडी रस्त्यावर बांधकाम खात्याच्या गँगमध्ये तीस वर्षं खडी फोडली, डांबर ओतलं. निमंत्रणाचं पत्र आलं तेव्हा त्यांनी मला ते दोनदा वाचायला लावलं आणि मग एवढंच म्हणाले, "एस्टीनं न्हाई जायाचं. आपल्या गाडीनं जायाचं. मी म्होरं बसणार. धा वाजता झेंडा हाय, तवा पावणेधाला येशीत गाडी पायजे." जन्मात या माणसानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. हे मागितलं.

आणि नेमकं तेव्हाच गाडीच्या काट्यावर चार हजार नऊशे किलोमीटर झाले होते. पाच हजाराला ऑईल बदला, असं पुस्तक सांगतं. जाऊन-येऊन दीडशेचा प्रवास. म्हणजे पाच हजार भरणार ते रस्त्यातच. मी पुस्तकाचा माणूस. ठरवलं, आधी ऑईल बदलायचं.

आमच्या नाक्यावर कृष्णात मिस्त्रीचं गॅरेज आहे. मी त्याला म्हटलं, "टेन डब्ल्यू थर्टी पाहिजे."

त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "सर, चाळीस नंबर टाकतो. ट्रॅक्टरला त्येच टाकतोय, ट्रकला त्येच, गुऱ्हाळाच्या इंजिनाला बी त्येच. आजवर एका इंजिनानं तक्रार केली न्हाई."

"अरे, ही नवी गाडी आहे. इंजेक्शनची. हिच्या इंजिनातल्या फटी बारीक असतात. घट्ट ऑईल वरपर्यंत पोचायला वेळ लागतो, तोवर इंजिन कोरडं घासतं."

"वरपतुर पोचंल की. काय घाई हाय?"

आता यावर विज्ञानानं काय बोलावं!

इथे शेजारी लालासाहेब आले. लालासाहेब म्हणजे निवृत्त सुभेदार. फौजेत वीस वर्षं गाड्यांच्या तांड्यात होते. त्यांचा मला धाक आहे, कारण ते माझ्या गाडीला मी नसताना सॅल्यूट करतात आणि मी असताना करत नाहीत. त्यांनी पान एकशे बारा हातात घेतलं, लांब धरलं, आणि विचारलं, "ह्यातला डब्ल्यू कशाचा?"

"विंटर. म्हणजे हिवाळा. थंडीत ऑईल किती पातळ राहतं त्याचा आकडा."

"मग मास्तर, तुमी निगालाय माणात, एप्रिलात. तिथं उन्हानं धोंडं तडकत्यात. आन घालताय हिवाळ्याचं ऑईल? आवं, ह्ये लडाखचं काम हाय! मी घातलंय लडाखला. माणात ह्ये घातलंसा तर पानी हुईल पानी."

"सुभेदार, दुसरा आकडा गरमीचा आहे. तीस. गरम झाल्यावरसुद्धा..."

"तीस मोठा का चाळीस मोठा?"

"चाळीस."

"मग झालं तर!" असं म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं आणि माझ्या हातात दिलं. चौदा वर्षं शिकवतोय मी हा धडा.

मी हट्टाला पेटलो. टेन डब्ल्यू थर्टी कराडात मिळेना. एका दुकानदारानं तर "असलं काय नसतं सर, तुम्हाला कुणी तरी फसवलंय" असं सांगून मला चहा पाजला. शेवटी शुक्रवारी रजा टाकून सांगलीला गेलो, गाडीच्या कंपनीच्या शोरूमला. एस्टीनं गेलो, कारण जुन्या ऑईलवर गाडी तेवढी पळवली तर पाच हजार तिथंच पूर्ण होत होते.

काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "गाडी कुठाय?"

"मलकापुरात."

"गाडीशिवाय ऑईल देत नाही. जॉबकार्ड फाडायला लागतं. गाडी आणा, एकवीस तारखेची वेळ देतो."

"मला चौदाला जायचंय."

"मग पंधराला या. पण वेळ एकवीसचीच मिळेल."

मी पुस्तक काढलं, पान एकशे बारा उघडलं. त्या माणसाचा चेहरा एकदम मऊ झाला. आयुष्यात पहिल्यांदा ते पान कोणी तरी वाचलेलं त्याला दिसलं असावं. म्हणाला, "बरं, सीलबंद डबा देतो. साडेतीन लिटरचा. आर.सी. बुक दाखवा." मी दाखवलं. त्यानं ते पाहिलं, मला पाहिलं, परत ते पाहिलं. "मालक तुम्ही नाही."

मला धक्काच बसला. गाडी मायाच्या नावावर आहे हे मी साफ विसरलो होतो. माया, माझी बायको, विमा कचेरीत आहे, आणि तिच्या ऑफिसच्या कसल्याशा सवलतीसाठी कागद तिच्या नावावर केले होते. पण गाडी मी पुसतो, मी चालवतो, तिचं पुस्तक मी वाचतो. आणि सांगलीतला एक परका माणूस दहा गिऱ्हाइकांसमोर मला सांगतो की तुम्ही मालक नाही!

"मालकांचं पत्र आणा," तो म्हणाला.

मी रिकाम्या हातानं परत आलो. मायानं ते पत्र फार आनंदानं लिहिलं. 'माझे पती श्री. महेंद्र यांना माझ्या वाहनासाठी ऑईल खरेदी करण्याचा अधिकार देत आहे. त्यांनी अन्य कोणतीही खरेदी केल्यास मी जबाबदार नाही.' दुसरं वाक्य कायद्याला लागत नव्हतं. शनिवारी परत सांगली, परत एस्टी. तासगाव नाक्यावर एस्टी पंक्चर. पण डबा मिळाला. तो मांडीवर घेऊन मी उभा प्रवासभर... म्हणजे बसायला जागा मिळाली तेव्हा मांडीवर, त्याआधी खांद्यावर. शेजारच्या बाईंनी विचारलं, "गोडंतेल का?"

रविवारी सकाळी कृष्णातनं माझ्या देखरेखीखाली जुनं ऑईल सोडलं आणि नवं तीन लिटर मोजून घातलं. अर्धा लिटर डब्यात उरलं. तोवर कॉलनी जमली होती. आता इथं आमच्या भागाची एक रीत सांगितली पाहिजे. कराडच्या आजूबाजूला माणूस गुळाच्या वासात वाढतो. गुऱ्हाळावर काहिलीतला पाक झाला का नाही, हे गुळव्या बोटानं बघतो. थेंब अंगठा आणि बोटात धरायचा, बोटं फाकवायची, तार निघाली की पाक झाला. ही परीक्षा इथं पोरासोरांना येते. आणि इथं कोणताही पातळ-घट्ट पदार्थ हातात आला की माणूस हीच परीक्षा घेतो. काकवीची घेतो, रंगाची घेतो, खोकल्याच्या औषधाचीही घेतो.

आप्पासो आमच्या मागे राहतो, त्याचं स्वतःचं गुऱ्हाळ आहे. त्यानं काठी बाहेर काढली. इंजिनात ऑईल किती ते बघायची ती पट्टी, तिला सगळे काठीच म्हणतात. थेंब बोटावर घेतला, बोटं फाकवली. सगळी कॉलनी वाकून बघत होती.

"तार न्हाई," आप्पासो म्हणाला.

लालासाहेबांनी थेंब घेतला. तार नाही. कृष्णातनं घेतला. तार नाही. दादांनी घेतला, बोटं धोतराला पुसली.

"सर, ह्ये कच्चं हाय," आप्पासो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. घरात कोणी गेल्यावर ठेवतात तसा.

"ऑईलमध्ये तार बघत नाहीत, आप्पासो! तो गूळ नाही!" मी ओरडलो.

"गूळ न्हाई, पर घट्टपना तर बघताय न्हवं?"

विषय तिथं संपला, असं मला वाटलं. हा माझा दुसरा गैरसमज.

चौदाला सकाळी सात वाजता निघालो. दादा नव्या पांढऱ्या नेहरू शर्टात, पांढऱ्या धोतरात, पुढच्या सीटवर. त्यांनी खिडकीची काच स्वतः फिरवून खाली घेतली आणि हात बाहेर ठेवला. मी पांढरी पँट, पांढरा शर्ट. मागे माया पांढऱ्या साडीत, आणि तिच्या शेजारी लालासाहेब, कारण माणासारख्या मुलखात मास्तरच्या हातात गाडी देऊन केरूदादाला एकटं सोडणं त्यांच्या फौजी मनाला पटेना.

पुसेसावळीपर्यंत सगळं ठीक. वडूज मागे टाकलं तेव्हा गाडी जरा जड वाटायला लागली. मग मायानं मागे बघून विचारलं, "अहो, आपल्या मागं धुकं आहे का?"

एप्रिलात, माणात, धुकं! मी आरशात पाहिलं. मागचा रस्ता नव्हताच. निळा-पांढरा धूर, नुसता धूर. धुरातून एक जीप हॉर्न वाजवत बाहेर आली आणि तिच्या ड्रायव्हरनं माझ्या आई-वडिलांचा उद्धार केला, वडील शेजारी बसलेले असताना. मग इंजिनानं एक गचका दिला, दुसरा दिला, आणि गाडी थांबली. गाव अजून बारा किलोमीटर. घड्याळात सव्वानऊ.

दादांनी माझ्याकडे बघितलं नाही. समोर रस्त्याकडे बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी बॉनेट उघडलं. काठी काढली. आणि बघतो तर काय! काठीवर दोन खुणा असतात, वरची आणि खालची, ऑईल त्यांच्या मधे पाहिजे. इथे ऑईल वरच्या खुणेच्याही चार बोटं वर! मी तीन लिटर मोजून घातलं होतं हो! जास्तीचं ऑईल जळून तो धूर येत होता. ऑईल कमी होतं हे ऐकलं होतं. गाडीच्या पोटात ऑईल वाढतं, हे चौदा वर्षांत कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

"यात कोणी काही घातलं का?" मी विचारलं.

लालासाहेब आभाळाकडे बघू लागले.

"सुभेदार?"

"येक लिटर," लालासाहेब म्हणाले. "सोमवारी पहाटं. घट्ट. मास्तर, तुमच्या भल्यासाठीच. तुमी ऐकंना झालासा, मग म्हनलं गुपचूप घालावं. केरूदादा वाटंत आडकाय नगंत."

"एक लिटर!" मी किंचाळलो.

"अहो, आणि अर्धा लिटर आप्पासोभावजींनी घातलंय," माया मान खाली घालून म्हणाली. "तुम्ही पेपर तपासायला शाळेत गेला होता. ट्रॅक्टरचं ऑईल घेऊन दारात आले. म्हटलं, एवढ्या मायेनं आणलंय, शेजाऱ्याला नाही कसं म्हणायचं?"

"चहाला नाही म्हणत नाहीत, माया! ट्रॅक्टरच्या ऑईलला म्हणतात!"

"गाडी माझ्या नावावर आहे," माया म्हणाली. मी काठी पुसत राहिलो.

तेवढ्यात दादा गाडीतून उतरले. घसा साफ केला. "त्या डब्यात उरल्यालं हुतं न्हवं," ते म्हणाले, "त्ये मी घातलं. दोन खेपा तू सांगलीला गेलास त्येच्यापायी. वाया कशाला घालवायचं?"

मी हिशेब केला. तीन, एक, अर्धा, अर्धा. पाच लिटर. मी तिघांकडे अशा नजरेनं बघितलं की नववीचा वर्ग असता तर रडला असता. पण आता खरी लाजेची गोष्ट सांगायची आहे, आणि ती न सांगता गोष्ट पुढे जात नाही. काठीवर पाच लिटरच्याही वर होतं. कारण मंगळवारी दुपारी, सगळे झोपलेले असताना, मी, विज्ञान शिक्षक, एकटा गाडीपाशी गेलो होतो. काठी काढली. इकडे-तिकडे बघितलं. थेंब बोटावर घेतला. बोटं फाकवली. तार निघाली नाही. परत फाकवली, तरी नाही. सात जण म्हणतात, त्यात काही तरी असेल. फौजेत वीस वर्षं काढलेला माणूस वेडा आहे का? थोडंसं घट्ट घातलं तर काय बिघडतं? नाक्यावरून अर्धा लिटर चाळीस नंबर आणलं आणि घातलं. काठी हातात होती, पण मी तार बघितली, पातळी बघितलीच नाही. मुलांचे मी या चुकीला पूर्ण गुण कापतो.

"आणि अर्धा मी," मी म्हणालो.

लालासाहेबांचं तोंड उघडंच राहिलं. माया एकदम हसू लागली आणि मग तिनं पदर तोंडाला लावला.

दादा जवळ आले. "त्या पुस्तकात लिव्हलंय न्हवं, कंचं घालायचं त्ये?"

"हो."

"किती घालायचं त्ये बी?"

"हो."

"तू वाचलं हुतंस?"

"हो, दादा."

"आमाला वाचाय येत न्हाई. ह्यो सुभेदार चष्म्याबिगर बघतो. तुला वाचाय येतं. आन तू आमचं ऐकलंस?" दादांचा आवाज चढला. "मग तुला साळंत घालून मी काय मिळवलं रं?"

मी चौदा वर्षांत इतका नापास कधी झालो नव्हतो.

पण दादांनी तेवढ्यावर थांबवलं. त्यांनी रस्त्याच्या कडेचा मुरमाचा ढीग बघितला, पायानं दाबून बघितला, आणि मला गाडी कशीबशी चालू करायला लावली. "गाडी मागं घे. आता म्होरली चाकं हितं चढीव. आनखी. आनखी. बास!" मागच्या चाकांना त्यांनी स्वतः बघून दोन दगड लावले आणि लाथ मारून खात्री केली. ऑईल जरा निवू दिलं. लालासाहेबांच्या पिशवीत पाना निघाला, पण लालासाहेबांचं पोट गाडीखाली जाईना. दादांनी बाह्या वर करायला घेतल्या.

"दादा, तुम्ही नाही," मी म्हणालो, आणि पांढऱ्या कपड्यात मुरमावर उताणा पडून आत सरकलो.

पाण्याचा कॅन रिकामा करून खाली धरला. ऑईल सोडायचं बूच सैल केलं, अगदी थोडंच, असं मला वाटलं. ऑईल आलं ते आधी माझ्या कोपरावर, मग छातीवर, मग कॅनमध्ये. चांगलं गरम! मी ओरडलो. वरून लालासाहेबांचा आवाज आला, "मास्तर, पातळ हाय म्हणून अंगावर पसरतंय!" त्या माणसाला गाडीखालून उत्तर देता येत नव्हतं, हे त्याचं नशीब. अडीच लिटर काढलं. दादांनी काठी बुडवून बघितली, खुणा मला दाखवल्या, मी मान हलवल्यावरच त्यांनी ती परत आत सरकवली.

गाडी परत सुरू झाली. थोडा धूर आला, मग कमी झाला. कुठलं ऑईल किती राहिलं देव जाणे, पण चालली. गावच्या वेशीत पोचलो तेव्हा पावणेअकरा. सगळा गाव उन्हात थांबला होता. पावणेधा म्हणाले होते दादा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दादा उतरले, एकही डाग नाही. टाळ्या झाल्या. माया उतरली. लालासाहेब छाती काढून उतरले आणि त्यांच्या गळ्यात हार पडला. जयंती कमिटीचा कपिल धावत माझ्या खिडकीशी आला. या पोराला मी चार वर्षांपूर्वी बघितलं होतं, त्यानं मला ओळखलं नाही. "ड्रायव्हर, गाडी तिकडं लिंबाखाली लावा," तो म्हणाला. "जेवाय हाय तुमाला, काळजी करू नका."

मी गाडी लिंबाखाली लावली आणि गर्दीच्या मागे जाऊन उभा राहिलो, हात पाठीमागे लपवून. शर्टावर छातीभर काळं, बाह्या काळ्या, नखं काळी. पुढं माईकवर दादांचं नाव घेतलं गेलं. दादा खांबापाशी गेले, नवी पांढरी दोरी हातात घेतली. आणि ओढेचनात.

"म्हेंद्र कुठाय?" त्यांनी विचारलं.

कपिल गोंधळला. लोक मागे वळून बघू लागले. मायानं बोट दाखवलं. वाट झाली आणि मला पुढे जावं लागलं. पोरं खुदखुदत होती. "आवं, ह्यो तर डायवर," असं कोणी तरी म्हणालं.

"ल्योक हाय माजा," दादा म्हणाले. "मास्तर हाय." आणि दोरीचं एक टोक माझ्यापुढं धरलं. "धर."

"दादा, हात काळे आहेत," मी हळू आवाजात म्हणालो. "दोरी नवी आहे. पांढरी आहे."

दादांनी माझ्या हातांकडे बघितलं. माईक चालू होता, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"तीस वर्सं माझं हात कसलं हुतं रं?" ते म्हणाले. "धर म्हनतो न्हवं."

मी धरली. आम्ही दोघांनी ओढली. ध्वज वर जाऊ लागला, आणि त्याच्या खाली पांढऱ्या दोरीवर वीत वीत अंतरावर माझ्या बोटांचे काळे ठसे उमटत गेले.